दोन माले आणि एक भाचा

भाच्याचं लग्न होऊन चार दिवस झाले आणि त्याचा फोन आला, "मामा, आम्ही दोघं माल्याला निघालोय!"

लग्नानंतर लगेच मामाची आठवण काढणारे भाचे हल्ली मिळतात कुठे? माझा ऊर भरून आला. सौ.नी आंबेमोहोर निवडायला घेतला. मी म्हटलं, "पौडपर्यंत या, पुढं एस.टी. मिळेल."

"मामा, आम्ही विमानाने जाणार."

"विमान उतरणार कुठं? धरणात?"

"तिथं पाण्यावर उतरणारी विमानंसुद्धा आहेत," तो गंभीरपणे म्हणाला.

मग उलगडा झाला. त्याचं माले म्हणजे मालदीवची राजधानी. आमचं माले मुळशी तालुक्यातलं. सौ.नी मुकाट्याने आंबेमोहोर परत डब्यात भरला.

पण माझा जीव राहवेना. नातवाचा नकाशा काढून पट्टी लावली, तर काय आश्चर्य! दोन्ही माले जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, साडेत्र्याहत्तर अंशांच्या आसपास. आमच्या ओसरीतून नाकासमोर दक्षिणेला चालत सुटलं, तर सुमारे १,६०० किलोमीटरवर दुसरं माले. अर्थात शेवटी पोहावं लागेल.

विमानाचा हिशेब मात्र वेगळा. मुंबईहून तिथं जायला तीनेक तास. पण आमच्या माल्याहून मुंबई गाठायची म्हणजे पौड, चांदणी चौक, मग द्रुतगती मार्ग. पाच तास धरा. वर विमानतळावर तीन तास आधी हजर. म्हणजे अलीकडच्या पावणेदोनशे किलोमीटरला आठ तास आणि पलीकडच्या साडेसोळाशेला तीन! शिवाय तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. सूर्य एकच, रेखावृत्त एकच, तरी तिथं नवऱ्या मुलाला अर्धा तास जास्त झोप.

आठवड्याने जोडपं परत आलं, ते थेट आमच्याकडे. भाचा सांगू लागला, "मामा, तिथली बहुतेक जमीन समुद्रापेक्षा जेमतेम मीटरभर उंच. समुद्र चढला तर सगळंच बुडेल. जगाला हे कळावं म्हणून २००९ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने चक्क पाण्याखाली बैठक घेतली!"

मी म्हटलं, "आमच्याकडे उलटं झालं रे. बैठका कोरड्यात झाल्या, गावं पाण्याखाली गेली."

सूनबाई बघतच राहिली. मग तिला सांगितलं: मुंबईच्या विजेसाठी टाटांचं धरण, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह, त्यातच बापटांचे झालेले 'सेनापती'. सत्याग्रह हरला, धरण झालं. आमच्या आजोबांचं भातखाचर त्याच पाण्याखाली आहे. आजोबा मरेपर्यंत ओसरीत बसून बोट दाखवत, "ते तिथं, आपलं."

सौ.नी आंबेमोहोराचा भात वाढला. सगळे गप्प जेवत होते. मी विचारलं, "कशी काय माणसं तिथली?"

"चांगली आहेत," सूनबाई म्हणाली. "बोलता बोलता सारखी पाण्याकडे बघतात."

"मग आपल्यातलीच," मी म्हटलं. "वाढ गं भात."