तीन वर्षांचे रविवार

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतील अखेरचे परार्ध. त्याच्या पलीकडे जाण्याचा प्रसंग आम्हां कारकुनांवर येत नाही. सरकारी अंदाजपत्रकेही बरीच अलीकडे थांबतात. पण बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे: पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. पटाच्या ६४ घरांना आणखी तीन जोडली, तर एकंदर दाणे होतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजे दोनाचा ६७ वा घात, उणे एक. या एकवीस अंकी आकड्यावर आमचा लोभ आहे.

मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली ही मूळ संख्या असल्याचे सांगून टाकले. १८७६ साली लुका यांनी ती मूळ नसल्याचे दाखविले. मात्र तिचे भाजक कोणते, हे त्यांच्या रीतीतून कळत नव्हते. 'विनंती नामंजूर' एवढाच शेरा यावा आणि कारण येऊ नये, तसा हा प्रकार! संख्या दुभंगते हे निश्चित. कोठे दुभंगते, हे पुढे सत्तावीस वर्षे कोणास सांगता येईना.

१९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उठले. हे गृहस्थ कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते आणि सोसायटीचे चिटणीसही. तेव्हा थोडेसे आमच्याच पंथाचे. सांगतात की, ते चकार शब्द बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूस त्यांनी हा आकडा काढला, दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले. उत्तरे जुळली, आणि ते जागेवर जाऊन बसले. शोधास किती काळ लागला, या प्रश्नावर त्यांचे उत्तर होते: तीन वर्षांचे रविवार.

अशा संख्येचा मूळ भाजक १३४ च्या पटीहून एकाने अधिकच असतो, एवढी सवलत गणित देते. तरीही लहान भाजकापर्यंत क्रमाने जायचे तर १४,४५,५८० पायऱ्या! कोल यांनी वर्गशेषांच्या युक्तीने हे रान पुष्कळ विरळ केले, म्हणून तीन वर्षांत भागले.

परमुलखात बदलीवर असलेल्यास रविवार किती लांब असतो, हे वाचकांस सांगणे नलगे. गावी तो मंडईत आणि आप्तेष्टांत सरतो. येथे तो सकाळपासून समोर ठाण मांडून बसतो. अशाच एका रविवारी रद्द झालेल्या नमुन्यांच्या कोऱ्या पाठीवर तो गुणाकार आम्ही स्वहस्ते केला. उत्तर जुळले.

"अहो, पण ते तर आधीच जुळलेलं होतं ना?" सौभाग्यवतींनी विचारले.

होते खरे. आज संगणक हे भाजक पापणी लवण्याच्या आत काढतो, तेव्हा कोल यांचे रविवार फुकट गेले, असे आमच्या एका स्नेह्यांचे मत आहे. आम्हांस ते मान्य नाही. सोमवार ते शनिवार ज्याची चिटणिशी चालते, त्याने सातवा दिवस कोणी न मागितलेल्या उत्तरासाठी राखावा, यात आम्हांस तर श्रीमंतीच दिसते. सौभाग्यवतींना हे पटले की नाही, कळले नाही. उरलेल्या पाठकोऱ्या कागदांवर त्यांनी दूधवाल्याचा हिशेब मांडला.