चाचे नेमके कोण? बिदर ते खांदेरी

आपल्या चिंताकीच्या माणसाला समुद्र भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. पण समुद्रावरच्या लुटीचा एक धागा थेट बिदरपर्यंत येतो.

बिदरचा महमूद गवानचा मदरसा आपण शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. १४७२ साली बांधलेला, आता एकच मिनार उरलेला. हा गवान इराणच्या गिलानमधला व्यापारी. समुद्रमार्गे दाभोळला उतरला आणि पुढे बहमनी वजीर झाला. १४६९ ते १४७२ या काळात त्याने कोकणावर मोहीम काढली. तक्रार अशी, की खेळणा (आजचा विशाळगड) आणि संगमेश्वरचे राजे जहाजे लुटतात. बिदर दरबाराच्या लेखी ते राजे चाचे.

आता अलिबागजवळच्या थळला या. समोर खांदेरी, उंदेरी ही दोन चिमुकली बेटे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केले. मुंबईच्या इंग्रजांनी गलबते लावून वाट अडवली. तर मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात रसद पोहोचवू लागल्या. इंग्रजांच्या भाषेत ही चोरटी वाहतूक, आपल्या भाषेत हिंमत! पुढच्याच वर्षी सिद्दीने उंदेरी बळकावली.

नंतर आले कान्होजी आंग्रे. दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय जहाज जाऊ देत नसत. पोर्तुगीज हेच 'कार्ताझ' नावाने आधीपासून करत होते. तरी इंग्रजांनी चाचा ठरवले ते कान्होजींना. ते तर मराठी आरमाराचे सरखेल! १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला आणि हात हलवत परतले.

खांदेरीवर तटबंदी, गाड्यांवरच्या तोफा, आपटला की भांड्यासारखा वाजणारा दगड, १८६७ चे दीपगृह आणि कोळी बांधवांचा वेताळ आहे. तटाबाहेर मोठमोठे दगड पसरलेत. शत्रूला होडी लावता येऊ नये म्हणून. २०२५ मध्ये हा किल्ला जागतिक वारसा यादीत आला. पावसाळा सोडून जावे, थळला होडीची आधी चौकशी करावी.

आपण सीमेवरची माणसे. बिदरही आपले, कोकणही आपले. म्हणून मुलांना मदरसा दाखवताना खांदेरीचीही गोष्ट सांगा. 'चाचा' हा शब्द कोणी लिहिला, हे विचारायची सवय त्यांना लागेल.