रायफलचे माप

आमच्या घराण्यात कोणी बंदूक हाती धरल्याचे ऐकिवात नाही. वाडी, शेती आणि पुढच्या पिढीत कारखान्यातील नोकरी, एवढाच आमचा इतिहास. त्यामुळे २०२४ साली राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले आणि चौदा वर्षांच्या माझ्या कन्येने, "पप्पा, मला हे शिकायचं आहे," असे जाहीर केले, तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरली. माझ्या आईने तर हातातला घास ताटात ठेवला. "अरे, पोरीच्या हाती बंदूक देणार तू?"

"आई, ही कागदावर मारायची बंदूक आहे," असे सांगून मी वेळ मारून नेली.

काही महिने शिकवणीच्या रायफलवर सराव झाल्यावर आम्ही एक वापरलेली एअर रायफल विकत घेतली. मी तेहतीस वर्षे लेथवर काम केलेला माणूस. स्क्रू, पट्ट्या, खुणा यांनी भरलेले ते यंत्र पाहून माझे हात शिवशिवले. घरी आणताच मी मुलीला उभे केले, खांद्याला दस्ता लावला, फुटपट्टीने मोजले आणि सारे आवळून टाकले. काम चोख झाले, अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते सारे सैल केले. "काका, तुम्ही हिला घरच्या कपड्यांत मापलंत. नेमबाजाचं ते जाड, ताठ जॅकेट अंगात आलं की हेच माप लांब पडतं," असे म्हणून त्यांनी तिला जॅकेट आणि बूट घालून उभे केले. त्यांनी दस्त्याची लांबी अशी ठेवली की मूठ पकडल्यावर बोट न ताणता चापावर पडावे. मग खांद्यावर टेकणारी बटप्लेट खाली सरकवली. रायफल डोळ्यापर्यंत वर आली पाहिजे; डोके रायफलपर्यंत खाली वाकता कामा नये, हे त्यांचे सूत्र. शेवटी गालाच्या आधाराची, म्हणजे चीकपीसची पाळी आली. "डोळे मीट. गाल सहज टेकव. आता उघड. काय दिसतं?" मागच्या छिद्रातून पुढचे वर्तुळ बरोबर मध्यभागी दिसेपर्यंत ते तो आधार रेघ-रेघ हलवत राहिले. पुढच्या दर्शकातले वर्तुळही त्यांनी मुद्दाम थोडे मोठे निवडले. नवशिक्याचा हात हलायचाच. वर्तुळ फार घट्ट असले की मूल चाप ओढायला कचरते आणि श्वास कोंडून उभे राहते.

नियमाप्रमाणे रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. आमची त्याहून बरीच हलकी होती, आणि सरांनी तिला जादा वजने लावू दिली नाहीत. वाढत्या वयातल्या पाठीला आधी उभे राहणे शिकू दे, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक पट्टीवरचा आकडा त्यांनी मुलीकडून वहीत लिहून घेतला.

लक्ष्य दहा मीटरवर असते आणि त्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात. पण तिथवर पोहोचायला शरीराने दर वेळी तसेच, त्याच जागी उभे राहावे लागते. नेम चुकत असेल तर हाताने रायफल ओढायची नाही, पाय सरकवायचे, हे वाक्य मी त्या रेंजच्या बाकावर बसून शेकडो वेळा ऐकले.

पहिल्या स्पर्धेची आदली रात्र. मुलगी झोपली होती. पेटी उघडून मी रायफल पुसत होतो. चीकपीसचा स्क्रू मला किंचित सैल वाटला. तो आवळताना आधार थोडा वर सरकला. "बरंच झालं, मान ताठ राहील," असे मनाशी म्हणून मी तो तसाच घट्ट केला.

स्पर्धेत तयारीची आणि सरावाच्या छऱ्यांची पंधरा मिनिटे मिळतात. ती सारी मिनिटे माझी मुलगी चाचपडत होती. डोळा छिद्राच्या वर राहत होता, म्हणून ती गाल दाबून मान खाली रेटत होती. दाब दर वेळी निराळा, म्हणून छरे दर वेळी निराळीकडे. पुढे मान भरून आली. निकालाच्या यादीत तिचे नाव जवळजवळ तळाशी होते.

परतीच्या लोकलमध्ये ती म्हणाली, "आज माझं उभं राहणंच चुकलं. पप्पा, रायफलला कोणी हात लावला नव्हता ना?"

मी म्हणालो, "नाही."

ते एक अक्षर उच्चारायला मला क्षणही लागला नाही. पण ती सारी रात्र मी कूस बदलत काढली. आपल्या हातून झालेली चूक एका पोरीने आपल्या अंगावर घ्यावी आणि बापाने ती घेऊ द्यावी! पहाटे मी उठलो, तर बाहेरच्या खोलीत दिवा होता. ती वही उघडून पट्टीवरचे आकडे ताडून पाहत होती. तिने बोट ठेवले. वहीत तीन, पट्टीवर पाच.

"मीच हलवलं," मी म्हणालो. "आणि काल खोटंही बोललो."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग किल्ली माझ्या हाती न देता तिने स्वतःच आधार तिनावर आणला. "मला वाटलं, मला जमतच नाही," एवढेच ती म्हणाली. त्या वाक्याइतकी कठोर शिक्षा मला कोणी दिली नसती.

त्यानंतर पेटीची किल्ली तिच्याकडे असते. दुसऱ्या स्पर्धेला मी मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसलो होतो. पदक मिळाले नाही. पण यादीत ती मधल्या फळीत आली आणि हसत बाहेर आली. आईने विचारले, "काय रे, लागला का नेम?" मी म्हणालो, "हो आई, तिचा लागू लागलाय. मी अजून पाय सरकवतोय."