नानांचं खुराडं

आमच्या थोरल्या चुलत्यांनी, नानांनी, साठी ओलांडल्यावर गावरान कोंबड्या सांभाळायला घेतल्या, तेव्हा सणसर-भवानीनगरच्या पट्ट्यात कुणाला ते पटेना. नीरा डाव्या कालव्यावर जन्मभर ऊस पिकवलेला माणूस. अडसाली, खोडवा, कारखान्याची तोड, पाण्याची पाळी आली की रात्री-अपरात्री दारं धरणं, यातच हयात गेलेली. कोंबड्या म्हणजे घरातल्या बायकांचा व्याप. आजीच्या कमरेच्या पिशवीत अंड्यांचे पैसे असत आणि आमच्या वह्या, जत्रेतल्या बांगड्या त्यातूनच येत.

मधल्या काळात आमच्याकडची हवाच बदलली. 1971 साली बारामतीत अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि अप्पासाहेब पवारांच्या धडपडीने नव्या शेतीचं वारं गावोगाव पोचलं. 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली, अंड्याच्या भावात शेतकऱ्यालाही बोलता येऊ लागलं. बारामती-इंदापूरच्या माळावर कोंबड्यांच्या पत्र्याच्या लांबलचक शेडी दिसू लागल्या. त्या धंद्याने कितीतरी घरं उभी केली, हे मी आजही मनापासून मानते. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या पांढऱ्या कोंबडीपुढे साठ-सत्तर अंड्यांवर थांबणाऱ्या गावरानीचा टिकाव लागेना. परसातली खुराडी मोडली, डालगी अडगळीत गेली.

नानांना मात्र एकच म्हणायचं होतं. पिंजऱ्यातली कोंबडी अंडी देते, पण खुडूक होत नाही. अंड्यांवर बसण्याचा तो गुणच माणसाने निवडून निवडून काढून टाकला. वीज गेली, अंडी उबवायचं मशीन बंद पडलं, तर पिल्लं काढणार कोण? 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि भाव कोसळले, तेव्हापासून हा विचार त्यांना सोडेना.

मग ते जिरायती गावं धुंडाळू लागले. सुपे-मोरगावची बाजू, इकडे कळसच्या वाड्यावस्त्या. धनगरांच्या तळावर घोड्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडात पाय बांधलेल्या कोंबड्या असतात. तिथे बसून चहा घेत घेत ते एखादी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, मागून आणत. कुणाच्या वळचणीला मानेवर पिसंच नसलेली मिळाली, कुणाकडे उलट्या पिसांची. अशा कोंबड्यांना लोक कुरूप म्हणतात, पण उन्हाळ्यात अंगातली उष्णता त्यांनाच लवकर बाहेर टाकता येते. इंदापूरच्या एप्रिल-मेमध्ये त्याची किंमत कळते.

कोंबडा निवडण्यात त्यांचा सगळा जीव. 'बेणं चांगलं तर ऊस चांगला' हे त्यांनी शेतात आयुष्यभर जपलं, तेच इथे लावलं. सगळ्यांत दांडगा कोंबडा ते कधी ठेवत नसत. किडा सापडल्यावर स्वतः न गिळता कुकुक् करत तलंगांना हाक मारतो आणि घार दिसली की आधी ओरडतो, तो त्यांचा. दुपारभर बाजेवर बसून ते हे पाहत राहत.

खुडूक कोंबडीची रवण बसवताना ते आजीचीच पद्धत पाळत. टोपलीत राख, त्यावर भुसा, मग अकरा-तेरा अंडी आणि कडेला कोळशाचा तुकडा, विजेने अंडी नासू नयेत म्हणून. कोळशाने काय होतं ते मला माहीत नाही. आजीची आठवण मात्र राहिली. आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बॅटरीवर अंडं धरलं की आत तांबड्या शिरांचं जाळं दिसे. "बघ, जीव धरला," म्हणत ते अंडं परत कोंबडीच्या पोटाखाली सरकवत. विसाव्या दिवशी अंडं कानाशी लावायला देत. कवच फुटायच्या आधीच आतून बारीक चिवचिव ऐकू येते, हे मला त्यांनीच दाखवलं. एकविसाव्या दिवशी दिवाळीच्या सुट्टीला आलेली पोरं फटाके सोडून टोपलीभोवती बसत.

मानमोडी रोगाच्या लसीत त्यांनी कधी हयगय केली नाही. कडकनाथाच्या नादाला मात्र ते लागले नाहीत. झाबुआच्या त्या काळ्या कोंबडीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रास्तच. पण 2019 साली तिच्याच नावावर इस्लामपूरकडे शेतकऱ्यांची फसवणूक झाली, तेव्हा नाना कळवळले. आपल्या परसातली कोंबडी आपल्याला पुरेशी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. भाऊबीजेला आलेल्या लेकी-सुनांना ते पैसे-साडीबरोबर एक तलंग द्यायचे, आणि त्या पोरींनी ती जपली.

यंदा दिवाळीला गावी जाल, तेव्हा परसात एखादी जुनी गावरान कोंबडी दिसली तर घरच्यांना एवढं सांगा: ती खुडूक बसली तर तिला पाण्यात बुडवून उठवू नका, आणि तिच्यात बाजारातला संकरित कोंबडा सोडू नका. गावातलाच चांगला कोंबडा शोधून सोडा.