चिक्की नको, शाळा दाखवा!

लोणावळा म्हणजे काय? भुशी डॅम, गरम भजी, चिक्कीचे चार बॉक्स आणि परतताना एक्स्प्रेस वेवरचा ट्रॅफिक. बरोबर? माझंही लोणावळा एवढंच होतं. पण मागच्या महिन्यात चक्क मंगळवारी पुण्याहून सकाळची लोकल पकडली. तळेगाव, कामशेत, मळवली करत दीडेक तासात उतरले. बॅगेत छत्री आणि मैत्रिणीच्या आत्याचा पत्ता. आत्या कॉन्व्हेंटमधून रिटायर झालेल्या, त्यामुळे अख्ख्या गल्लीच्या ‘टीचर’.

गोष्ट स्टेशनपासूनच सुरू होते. बोरघाटातून १८६३ मध्ये गाडी धावू लागली. घाट चढायला कर्जतला मागून लावलेली बँकर इंजिनं आजही लोणावळ्यात सुटतात. या घाटामुळेच इथे शेड आली, क्वार्टर्स आल्या आणि ड्रायव्हर, गार्ड, फिटर आले. त्यांच्यात अँग्लो-इंडियन, गोवेकर असे ख्रिस्ती पुष्कळ. मग चर्च आलं आणि शाळाही आली. आज ऑल सेंट्स, डॉन बॉस्को किंवा ऑक्झिलियम म्हटलं की रिक्षावाला पत्ता विचारत नाही.

मला वाटलं, टीचर त्यांच्या जुन्या शाळेत नेतील. कसलं काय! छत्री उघडली आणि निघाल्या सरकारी मराठी शाळेकडे. चर्चमधल्या चार-पाच जणींनी तिथले वार वाटून घेतलेत. कुणी वाचन घेतं, कुणी गणित, कुणी नुसत्या वह्यांना कव्हरं घालतं. वर्गात बंगल्याच्या नेपाळी वॉचमनची मुलगी, बिहारी गवंड्याचा मुलगा, वरच्या वाडीतली धनगरांची पोरं, दोन कातकरी बहिणी. मराठीच्या तासाला पाच भाषांतून कुजबुज!

“पण तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये का नाही घेत यांना?” मी विचारलंच.

“फी कोण भरणार?” टीचर शांतपणे म्हणाल्या.

त्यात कायद्याचीही एक गंमत आहे. (गंमत कसली, पेच!) आरटीईनुसार खासगी शाळांनी २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या. पण २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याक शाळांना यातून वगळलं. २०२५ मध्ये कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी या निकालावर शंका घेऊन प्रकरण सरन्यायाधीशांकडे धाडलं. तात्पर्य, अल्पसंख्याक शाळेने या मुलांसाठी दार उघडणं हा तिच्या मर्जीचा भाग. मला हे पटत नाही. टीचरनाही पटत नाही, पण त्या वाद घालत बसत नाहीत. इथे येऊन बसतात.

सुरुवातीला एका पालकाने आडूनच विचारलं होतं, “धर्माचं काही शिकवणार का?” हेडमास्तरांनीही अट घातली: प्रार्थना नाही, फोटो नाही, पुस्तिका नाही. टीचरना राग आला नाही?

“आला ना. दोन दिवस आलेच नाही. मग म्हटलं, त्यांचं तरी काय चुकलं? बायबल घरी ठेवते, चष्मा तेवढा आणते.”

ही शंका जुनीच. जोतीराव फुल्यांना त्यांच्या वडिलांनी शाळेतून काढलं होतं, तेव्हा मुलाला परत शाळेत घालाच म्हणून गोविंदरावांचं मन वळवलं ते दोघा शेजाऱ्यांनी. एक गफार बेग मुन्शी आणि दुसरे लिजिट साहेब, म्हणजे एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती. मग १८४१ मध्ये जोतीराव पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. ख्रिस्ती काही झाले नाहीत. पण १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा मात्र काढली.

दुपारी गवंड्याचा मुलगा फळ्यावर ‘लोणावळा’ लिहीत होता. ‘ळ’ चार वेळा पुसला. पाचव्यांदा जमला तेव्हा नेपाळी मुलीने सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

निघताना टीचरनी चिक्की दिली नाही. “गुरुवारी गणिताला कुणी नाही. येशील?” एवढंच विचारलं. मी डेडलाइनचं काहीतरी पुटपुटले. लोकलमध्ये बसल्यावर मोबाइल काढला आणि गुरुवारी काय काय आहे ते बघितलं.