तार कोणत्या वाडीवरून न्यायची?



विजेचे खांब आपण सगळेच रोज पाहतो. बांधावरून, ओढ्याच्या काठाने, माळावरून ते रांगेने गेलेले असतात. पण तार या वाडीवरून त्या वाडीला का गेली, सरळ गावातून का आली नाही, असा प्रश्न सहसा मनात येत नाही. आलाच तर आपण म्हणतो, "साहेबांनी आखलं असेल," आणि वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन पुढे चालू लागतो. हे आखणे म्हणजे मुळात एक गणित आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका गणितज्ञाने ते सोडवले, आणि तेही खेड्यांत वीज नेण्याच्या कामासाठी. त्याची हकिगत आज सांगतो, कारण तिच्यात आपल्या कामाचे बरेच आहे.

त्या गणितज्ञाचे नाव ओटाकार बोरूव्का. जन्म १८९९ सालचा, युरोपातल्या मोराव्हिया या प्रांतातला. हा प्रांत तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होता, आता तो चेक देशात आहे. त्यांचे काम ब्रनो शहरात चाले. वाटाण्याच्या रोपांवर संकराचे प्रयोग करून बियाण्याच्या शास्त्राचा पाया घालणारे मेंडेल याच ब्रनोचे. पहिले महायुद्ध संपले आणि तिथल्या वीज कंपनीने दक्षिण मोराव्हियातल्या खेड्यांत वीज न्यायचे काम हाती घेतले. बोरूव्कांची त्या कंपनीतल्या काही जणांशी मैत्री होती. त्यांनी विचारले, "गुरुजी, इतकी गावे आहेत. सगळ्यांना वीज पोचली पाहिजे आणि तार कमीत कमी लागली पाहिजे. कशी आखणी करावी?"

प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. पण दहा गावे जोडायची म्हटली, आणि तारा गावागावांमधूनच न्यायच्या ठरवल्या, तर एकही जोडणी फुकट न घालवता ती जोडण्याच्या दहा कोटी तऱ्हा होतात! एकेक आखणी कागदावर मांडून लांबी मोजू म्हटले, तर माणसाचा जन्म पुरायचा नाही. बोरूव्कांनी उत्तर काढले आणि १९२६ साली ते छापले.

ते उत्तर इतके साधे आहे की मुलाबाळांना घेऊन अंगणातही करून पाहता येईल. पाच खडे मांडा. एक गावठाण, एक मळा, एक ओढ्याकाठची वस्ती, एक माळवाडी आणि एक टेकडवाडी. आता अंतरे धरू. गावठाणापासून मळा ४०० मीटर, ओढा ६००, माळवाडी ८०० आणि टेकडवाडी १००० मीटर. मळ्यापासून ओढा ३००, ओढ्यापासून माळवाडी ५००, माळवाडीपासून टेकडवाडी ३५० मीटर. बाकीची अंतरे याहून लांबची आहेत, ती आपल्याला लागणार नाहीत.

गावठाणातून प्रत्येक वस्तीला स्वतंत्र तार दिली तर २८०० मीटर तार लागते. आता बोरूव्कांची रीत पाहा. प्रत्येक वस्तीने आपला सगळ्यात जवळचा शेजारी धरायचा, बस्स. गावठाण मळ्याला धरते. मळा आणि ओढा एकमेकांना धरतात. माळवाडी आणि टेकडवाडी एकमेकींना धरतात. झाले दोन घोळके. मग प्रत्येक घोळक्याने, जणू तो एकच गाव आहे असे समजून, पुन्हा आपला जवळचा शेजारी शोधायचा. इथे ओढा आणि माळवाडी ही जोडी सापडते. संपले काम! बेरीज करा: ४००, ३००, ३५० आणि ५०० मिळून १५५० मीटर. २८०० च्या जागी १५५०.

तुम्ही म्हणाल, "ज्याने त्याने आपल्यापुरते जवळचे पाहिले, तर सगळ्यांचे भले कसे होईल?" शंका रास्त आहे. पुष्कळ ठिकाणी तसे होत नाही, पण इथे होते. कारण असे की, कोणत्याही घोळक्यातून बाहेर जायला एक तरी तार हवीच. तुम्ही जवळची सोडून लांबची घेतली असेल, तर जवळची जोडून पाहा. लगेच एक वेटोळे तयार होते. वेटोळे झाले म्हणजे त्यातली एखादी लांबची तार काढून टाकली तरी कोणी तुटत नाही, आणि बेरीज मात्र घटते. म्हणून जवळची तार सोडून कधीच फायदा होत नाही.

पुढे १९३० साली व्होयतेख यार्निक या दुसऱ्या चेक गणितज्ञाने याच प्रश्नाची आणखी एक रीत दाखवली. तिच्यात एका गावापासून सुरुवात करून जाळे वाढवत न्यायचे. अमेरिकेत १९५६ आणि १९५७ साली क्रुस्कल आणि प्रिम यांनी याच प्रश्नावर लिहिले, तेव्हा टेलिफोनच्या तारांचे दिवस होते. बोरूव्का १९९५ साली वारले. त्यांची रीत आज कॉम्प्युटरलाही सोयीची पडते, कारण प्रत्येक गाव आपला शेजारी एकाच वेळी शोधू शकते, कोणाला कोणासाठी थांबावे लागत नाही.

आता मंडळी, कागदावरून जरा रानात येऊ. आमची वस्ती तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला. संध्याकाळी अलीकडच्या साऱ्या मोटारी सुरू झाल्या की आमची मोटर नुसती गुरगुरते, उचलत नाही. दाब कमी, मोटर तापते, आणि मग वाइंडिंगचा खर्च घरधन्याच्या बोडक्यावर. कॅनॉलच्या टेलला ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. वरच्यांचे भागले तर खालच्यांना. म्हणून बोरूव्कांचे गणित मी पहिल्यांदा समजून घेतले तेव्हा आधी टेकडवाडीकडे पाहिले.

पाहा तुम्हीही. टेकडवाडी गावठाणापासून सरळ १००० मीटर. पण सगळ्यात स्वस्त आखणीत तिची वीज मळा, ओढा आणि माळवाडी असा फेरा घेऊन पूर्ण १५५० मीटर चालून येते. मध्ये ओढ्यापाशी पावसात एक खांब आडवा झाला की ओढा, माळवाडी आणि टेकडवाडी, तिन्ही अंधारात. गणितात यात काही चूक नाही. त्याला विचारले होते, "तार कमीत कमी कशी लागेल?" त्याने तेवढ्याचेच उत्तर दिले. शेवटच्या घराला दाब किती मिळेल आणि खांब पडल्यावर कोण तुटेल, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

मग विचारून पाहू. त्याच आखणीत गावठाण ते टेकडवाडी अशी १००० मीटरची तार आणखी टाकली, तर बेरीज २५५० मीटर होते. म्हणजे सुट्ट्या तारांच्या २८०० पेक्षा तरीही २५० ने कमीच. आता पाचही वस्त्या एका कड्यात आल्या. कोणतीही एक तार तुटली, तर वीज दुसऱ्या अंगाने फिरवून सगळ्यांना देता येते. कड्याच्या अशा जोडण्या वीजवाल्यांना नव्या नाहीत. एक हजार मीटर तारेचे पैसे जास्त लागले खरे, पण त्यात काय विकत मिळाले हे आता डोळ्यांना दिसते. ते पैसे घालायचे की नाही, हे गणित ठरवत नाही. ते माणसांनी ठरवायचे.

हीच गोष्ट पिण्याच्या पाण्याच्या नळाची, भाऊबंदांनी मिळून टाकलेल्या पाइपलाइनची आणि पाणंद रस्त्याची. ग्रामसभेत नकाशा टेबलावर येतो आणि "सगळ्यात कमी खर्चाचा आहे" एवढे सांगितले की माना डोलतात. पुढच्या वेळी मान डोलवण्याआधी दोन प्रश्न विचारा. एक, शेवटच्या घराला किती पोचणार? दोन, मध्ये तुटले तर कोणाकोणाचे बंद पडणार? हे विचारायला गणित शिकावे लागत नाही. आणि हे प्रश्न अलीकडच्या वस्तीतल्या बायामाणसांनीही विचारावेत, टेलच्या माणसांवरच सोडू नयेत. हंडा डोक्यावर घेऊन चालणारीला शेवटचे घर म्हणजे काय ते नकाशावाल्यापेक्षा जास्त कळते.

बोरूव्कांनी आपले काम चोख केले. शेवटच्या घराचा प्रश्न मांडणे मात्र आपल्याकडे आहे.