खटका

इतरांच्या लेखनात काय खटकते ते सांगणे, हा माझा चाळीस वर्षांचा व्यवसाय. हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीने लिहिलेला ‘खटकते’ हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांच्या इतक्या परिचयाचा झाला होता की, माझ्या पाठीमागे ते मला त्याच नावाने ओळखत, असे पुष्कळ वर्षांनी कानावर आले. त्याचे मला वाईट वाटले नाही; थोडा अभिमानच वाटला असावा. या शब्दाकडे नव्याने पाहण्याची पाळी माझ्यावर आणली ती कोणा ग्रंथाने नव्हे, तर एका सायकलच्या मागच्या चाकाने.

निवृत्तीनंतर, आणि यजमान गेल्यावर, मी पुणे सोडून बंगळूरला लेकीकडे राहायला आले. नातू सतरा वर्षांचा. त्याने एका मित्राकडून जुनी माउंटन बाइक विकत घेतली होती. जाड, दातेरी टायर, सरळ आडवा हँडल, मागच्या चाकाला एकाला एक लागून चढत्या आकाराच्या दातेरी चकत्या. आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत गुळगुळीत फरशीचा लांब बोळ आहे. पहाटे साडेपाचला नातू ती सायकल हाताने ढकलीत त्या बोळातून नेई, आणि तिचे मागचे चाक बोळभर टरटरत जाई. माझी मुद्रिते वाचण्याची ती वेळ. एके दिवशी मी दार उघडून म्हटले, “अरे, त्या चाकाचं काही तरी कर. फार खटकतं कानाला.”

“आज्जी, तो हबचा आवाज आहे. तो असतोच.”

“असतो म्हणून असू द्यायचा?” मी म्हटले. हा प्रश्न मी पुष्कळ कवींना विचारलेला आहे, आणि त्याला उत्तर असू शकते हे मला कधी सुचलेले नाही.

नातवाने वाद घातला नाही. चाक जवळच्या दुकानात नेले. पैसे मी दिले. तिथल्या तरुण कारागिराला माझी तक्रार सांगण्यात आली, आणि त्याने ती शब्दशः निवारली. हबच्या आत त्याने दाट ग्रीस भरले. दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल बोळातून गेली ती मांजराच्या पावलांनी. मी लेकीजवळ त्या मुलाच्या कसबाची वाखाणणीही केली.

तीन आठवड्यांनी, डिसेंबरातल्या एका रविवारी, नातू मित्रांबरोबर नंदी हिल्स चढायला गेला. बंगळूरपासून सुमारे साठ किलोमीटरांवरचा हा डोंगर, माथ्याची उंची 1478 मीटर; वळणावळणाच्या त्या चढावर पहाटे सायकलवाल्यांची वर्दळ असते. एका कडक वळणावर तो सीटवरून उठून, सगळा भार एका पायावर टाकून पेडल मारीत असताना ते पेडल पायाखालून निसटले. सुटले नव्हते, मोडले नव्हते. नुसते रिकामे फिरले. छाती हँडलवर आदळली, सायकल कलंडली, आणि डाव्या खांद्याजवळचे हाड मोडले. मागून येणारी मोटार वेळेवर थांबली, एवढेच मित्रांनी आम्हाला सांगितले. अधिक मी विचारले नाही.

इस्पितळातून आल्यावर नातू म्हणाला, “चेन सटकली असेल.” त्याला खरे कारण ठाऊक होते, असा मला आजही संशय आहे.

चाक घेऊन मीच गेले. या वेळी दुसरीकडे. शहराच्या जुन्या भागात एका पिंपळाखाली सायकलींचे एक लहान दुकान आहे. मालक सत्तरीचे, भाषा दखनी. मी सांगू लागले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबविले. माझे निदान त्यांना नको होते. त्यांना सायकल ऐकायची होती. ती रिक्षातून आणलीच होती. त्यांनी ती उलटी, सीटवर आणि हँडलवर उभी केली, आणि पुढची वीस मिनिटे जे काही केले, ते मी कुठल्याही चर्चासत्रात पाहिलेले नाही.

प्रथम त्यांनी पेडल फिरविले, मग सोडून दिले. आवाज पेडल फिरताना येतो, की पेडल थांबून चाक एकटे फिरते तेव्हा येतो, की दोन्ही वेळा? पेडलच्या फेऱ्याला एकदा येतो, की चाकाच्या फेऱ्याला एकदा? पेडलच्या फेऱ्याशी जुळला तर दोष बहुधा पुढे, पेडलच्या दांड्यात. मागचे चाक निर्दोष. सायकलचा सांगाडा पोकळ नळ्यांचा, त्यामुळे एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो आणि कान फसतो. म्हणून त्यांनी चाक सावकाश फिरवीत, मागच्या नळीवर बोटांची टोके नुसती टेकवून ठेवली. मग रिम धरून चाक आडवे हलविले: सैल आहे का? मग स्पोक एकेक करून बोटाने छेडले. उजवीकडचे उंच सुरात वाजले, डावीकडचे खालच्या. मी दचकले, त्यांनी मान हलविली. तसेच असायला हवे. दातेरी चकत्यांना जागा देण्यासाठी हबची उजवी कड आत सरकलेली असते, तिकडचे स्पोक अधिक उभे आणि अधिक ताणलेले असतात. एकाच चाकाच्या दोन बाजू एका सुरात वाजल्या असत्या तर चिंता होती.

मग त्यांनी चाक काढले, त्या चकत्या हाताने उलट फिरविल्या, आणि कान जवळ नेला. काहीच ऐकू आले नाही.

“कुत्ते सो गये, अम्मा,” ते म्हणाले.

कुत्ते म्हणजे काय, हे त्यांनी एका मोडक्या हबचे पोट उघडून दाखविले. आत दोन छोटे पोलादी खटके असतात. त्यांच्यामागे नखाएवढी स्प्रिंग. पेडल मारले की हे खटके बाहेरच्या कड्याच्या दात्यांत रुततात आणि पायाची ताकद चाकाला मिळते. पेडल थांबले की तेच खटके दात्यांवरून घसरत जातात, आणि प्रत्येक दात्यावर एकदा पडतात. मला खटकणारा आवाज तो हाच. तो दोषाचा नव्हता. खटके जागे आहेत, पुढच्या क्षणी पाऊल पडले तर पकडायला तयार आहेत, याची ती अखंड वर्दी होती. दाट ग्रीसमध्ये त्या नाजूक स्प्रिंगची शक्ती पुरली नाही. डोंगरावरच्या थंडीत ग्रीस आणखी घट्ट झाले. खटका चिकटून बसला; नातवाने सगळा भार टाकला तेव्हा त्याला पकडायला आत कोणी नव्हते.

आपल्या भाषेत या तुकड्याला खटका म्हणतात, आणि ज्याने कानाला बोचते त्यालाही खटकणे म्हणतात. शब्दांची कुळे शोधण्यात आयुष्य घालविलेल्या बाईला हे पिंपळाखाली, तेलकट फडक्यासमोर कळावे!

पण निदान अजून पुरे झाले नव्हते. त्यांनी चाकाचा अक्ष दोन बोटांत धरून अगदी हळू फिरविला, आणि तो माझ्या बोटांत दिला. आत वाळू असावी तशी खरखर लागली. ऐकू येण्याजोगी नव्हे, बोटांना कळणारी. हब उघडल्यावर दिसले: दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे, त्यांतले काही काळवंडलेले, आणि ज्या कोनावर ते फिरतात त्याच्या चकचकीत पट्ट्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. खरा रोग हा होता. तो बहुधा पहिल्यापासून होता. त्या टरटरीखाली एक जाड, खालच्या पट्टीतली घरघर होती, आणि ती माझ्याही कानावर पडत होतीच. मी दोन्हींना मिळून ‘आवाज’ म्हटले. कारागिराने उंच तो बंद केला, आणि खोल होता तो तसाच ठेवला. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला जे सांगितले ते त्याने केले.

या सगळ्याचा मूळ इतिहास मी पुढे वाचला, आणि त्यातला योगायोग मला फार दिवस छळत राहिला. माउंटन बाइकचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातला. 1970 च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी, ज्यांत जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली यांची नावे येतात, जुन्या, जाड टायरच्या, बोजड सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्याने खाली सोडण्याचा नाद लावून घेतला. 1976 साली त्यांनी अशा एका उताराची रीतसर शर्यत सुरू केली. ती ‘रीपॅक’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या पोटातच असे. पेडल उलटे दाबले की लागणारा. दोन मैलांच्या त्या उतारावर हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होई, आणि मग ते पुन्हा भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरूनच ते नाव पडले. म्हणजे एके ठिकाणी ग्रीस गेले म्हणून हब वाया जाई, आणि आमच्याकडे ग्रीस आले म्हणून. पदार्थ तोच. त्याची जागा कोणती, हे कोणी तरी ऐकून ठरवावे लागते.

दुकानातल्या स्टुलावर बसून मी ते धुणे पाहत होते. खटक्यांचा भाग रॉकेलमध्ये बुडवून, फिरवून, पुन्हा बुडवून त्यांनी सगळे ग्रीस काढले. ताज्या ग्रीसचे लोणी त्यांनी छर्ऱ्यांना लावले, जिथे ते लागते तिथे. खटक्यांना पातळ तेलाचे थेंब. मग दातेरी चकत्या उलट फिरविल्या, आणि तो आवाज परत आला.

तो मी ओळखला. बंगळूरच्या बोळातला नव्हे, पुण्याच्या पेठेतला. आमच्या वाड्याची बोळ अरुंद, म्हणून वडील तोंडाशीच सायकलवरून उतरत आणि ती हाताने चालवीत आणीत. संथ टकटक, टकटक. ती ऐकू आली की आम्ही भावंडे कादंबऱ्या उशीखाली सारून गणिताची पुस्तके उघडीत असू, आणि आई चहाचे आधण ठेवी. त्या आवाजाचा अर्थ लावण्यात आमची कधी चूक झाली नाही. साठ वर्षांत मी अर्थ लावण्याची पदवी मिळविली आणि तो आवाज हरवून बसले.

आणखी एक गोष्ट आठवली, ती सांगायला हवी. 1990 च्या सुमारास सीमाभागातल्या एका तरुणाने आपल्या कवितांची वही माझ्याकडे पाठविली होती. भाषा मराठीच, पण कानडीत आणि दखनीत पाय रोवलेली. क्रियापदे वाकडी, ओळ मध्येच अडखळणारी. मी ती आस्थेने वाचली आणि पानापानावर ‘खटकते’ लिहिले. त्याने सगळे दुरुस्त केले. संग्रह निघाला, समीक्षकांनी त्याला ‘सफाईदार’ म्हटले, मीही म्हटले. त्याचा दुसरा संग्रह आला नाही. कारण हेच, असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार महत्त्व देणे होईल. माणसे लिहिणे सोडतात ती शंभर कारणांनी. पण त्या वहीची छायाप्रत माझ्याकडे असायला हवी, आणि पुण्याहून आणलेल्या खोक्यांपैकी चार अजून उघडायची आहेत.

निघताना मी मिस्त्रींना विचारले, “पुन्हा काही बिघडलं तर कळणार कसं?” ते म्हणाले, “आवाज बंद नक्को करो, अम्मा. बंद हुआ तो लेके आव.” दखनीतले हे ‘नक्को’ आपल्याच ‘नको’चे भावंड. मी त्यांना ते सांगितले. त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही.

नातवाचा हात अजून झोळीत आहे. डॉक्टरांनी आणखी तीन आठवडे सांगितले आहेत. सायकल बोळात भिंतीला टेकून उभी असते. पहाटे मुद्रितांना बसण्यापूर्वी मी तिचे मागचे चाक जमिनीपासून चार बोटे उचलते आणि एकदा फिरवून देते. काल लेक अर्ध्या झोपेत बाहेर आली आणि म्हणाली, “आई, अगं, साडेपाच वाजलेत. खाली पाटकर काका तक्रार करतील.”

“करू देत,” मी म्हटले, आणि चाक थांबेपर्यंत उभी राहिले.